परदेशप्रवासापूर्वीचा आरोग्यसल्ला आणि पोलिओचा डोस : एका प्रवासी लसीकरण केंद्राच्या सेवेचे परीक्षण

प्रवासी लसीकरण केंद्राकडे बहुतेक लोक शिक्का मिळवण्याचे ठिकाण म्हणून पाहतात. तिकीट निघालेले असते, व्हिसाच्या कागदपत्रांत कुठेतरी पिवळ्या तापाच्या लसीचा उल्लेख सापडतो आणि मग शेवटच्या आठवड्यात धावपळ सुरू होते. माझी सत्तरीकडे झुकलेली आई, शाळेत जाणारा मुलगा आणि मी असे तिघे पश्चिम आफ्रिकेतील एका देशात काही महिने राहण्यासाठी जाणार होतो आणि त्यासाठी ज्या केंद्राची सेवा घेतली, तिचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. येथे सांगितलेले गुण आणि उणिवा वाचकांना कोणत्याही केंद्राला लावून पाहता याव्यात, एवढाच हेतू आहे. पोलिओचा डोस, तारखांचा हिशोब आणि प्रमाणपत्रातील नोंद या तिन्ही बाबतींत हे केंद्र मला अतिशय चांगले वाटले. अन्न, पाणी आणि डास यांविषयीच्या सल्ल्यात ते बेताचे ठरले आणि परतल्यानंतर काय करायचे हे सांगण्यात मात्र ते स्पष्टपणे कमी पडले.

सल्ल्याची सुरुवातच मला आवडली. कोणत्या देशात जाणार, हे विचारून झाल्यावर डॉक्टरांनी लगेच "आणि तिथून परत कधी निघणार?" असे विचारले. आई आमच्या बरीच आधी परतणार होती, त्यामुळे त्यांनी तिघांच्या तारखा वेगवेगळ्या लिहून घेतल्या. पिवळ्या तापाच्या बाबतीत त्या देशात शिरताना कागद दाखवावा लागतो. पोलिओच्या बाबतीत मात्र तिथून बाहेर पडताना तो दाखवावा लागण्याची शक्यता अधिक असते, हा फरक त्यांनी पहिल्या काही मिनिटांतच समजावून सांगितला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०१४ रोजी पोलिओच्या आंतरराष्ट्रीय प्रसाराला सार्वजनिक आरोग्याची जागतिक आणीबाणी म्हणून जाहीर केले आणि तेव्हापासून प्रवाशांसाठीच्या तात्पुरत्या शिफारशी लागू आहेत. ज्या देशांत विषाणूचा प्रसार चालू आहे, तेथील रहिवाशांनी आणि तेथे चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ राहिलेल्या पाहुण्यांनी देशाबाहेर पडण्यापूर्वी पोलिओचा एक डोस घेतलेला असावा, आणि तो प्रवासाच्या किमान चार आठवडे आधी पण बारा महिन्यांच्या आत घेतलेला असावा, असा त्यांचा गाभा आहे. वयाची अट नाही. लहानपणी सगळे डोस झाले असले तरी या नियमापुरता त्याचा उपयोग नसतो, कारण विचारला जातो तो गेल्या वर्षभरातला डोस.

यातला बारकावा नीट लक्षात घेण्यासारखा आहे. समजा एखाद्याने निघण्यापूर्वी महिनाभर आधी डोस घेतला आणि तो त्या देशात पाच-सहा महिने राहिला, तर परतीच्या दिवशी त्याचा डोस बारा महिन्यांच्या आतच असतो आणि त्याला तिथे पुन्हा काही करावे लागत नाही. तोच मनुष्य सव्वा वर्ष राहिला, तर मात्र निघण्याच्या चार आठवडे आधी तिथेच नवा डोस घेऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे डोस कधी घ्यायचा, हे जाण्याच्या तारखेइतकेच परतीच्या तारखेवर अवलंबून असते आणि जे केंद्र परतीची तारीख विचारतच नाही, ते हा हिशोब करूच शकत नाही. माझ्या मते प्रवासी आरोग्यसेवेची पारख करायची असेल, तर हा एक प्रश्न पुरेसा आहे.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट केली, जी मी इतरत्र पाहिलेली नाही. त्यांच्या टेबलावर देशांची छापील यादी होती, पण तिच्याकडे न बघता त्यांनी आमच्यासमोर संगणकावर जागतिक आरोग्य संघटनेची ताजी यादी उघडली. संघटनेची आणीबाणी समिती साधारणतः दर तीन महिन्यांनी परिस्थितीचा आढावा घेते. देश यादीत येतात, बाहेर पडतात आणि त्यांचे गटही बदलतात. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. ज्या देशांत मूळ रानटी विषाणूचा, म्हणजे आता केवळ पहिल्या प्रकाराचा, किंवा पहिल्या वा तिसऱ्या प्रकारच्या लसजन्य विषाणूचा (थेंबांच्या लसीतला दुर्बळ विषाणू माणसांत फिरत राहून बदलला आणि पुन्हा घातक झाला की त्याला लसजन्य म्हणतात) प्रसार आहे, त्यांनी प्रवाशांचे लसीकरण झाल्याची खात्री करावी असे सांगितले जाते. जेथे दुसऱ्या प्रकारच्या लसजन्य विषाणूचा प्रसार आहे, तेथे प्रवाशांना डोस घेण्यास प्रोत्साहन द्यावे, एवढी सौम्य भाषा असते. आम्ही जाणार होतो तो देश या दुसऱ्या गटात होता. "सक्ती नाही, म्हणून सोडून देऊ का?" असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरांनी दिलेले उत्तर या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग होता, म्हणून ते थोडे विस्ताराने मांडतो.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो, आतड्यात वाढतो आणि कित्येक आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीही जाणवत नाही, काहींना चार दिवस ताप, घसादुखी, अंगदुखी होते आणि सुमारे दोनशे संसर्गांमागे एका व्यक्तीला कायमचा लुळेपणा येतो. अशा लुळेपणा आलेल्यांपैकी पाच ते दहा टक्के रुग्ण श्वासाचे स्नायू निकामी झाल्यामुळे दगावतात. प्रवाशाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की तो स्वतः ठणठणीत असतानाही विषाणू सोबत घेऊन दुसऱ्या देशात उतरू शकतो. मलावीने फेब्रुवारी २०२२ मध्ये रानटी पोलिओचा उद्रेक जाहीर केला, तेव्हा त्या विषाणूचे जनुकीय नाते पाकिस्तानात फिरणाऱ्या विषाणूशी जुळले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शेजारच्या मोझांबिकमध्येही रुग्ण सापडला. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्यात लस न घेतलेल्या एका तरुणाला लुळेपणा आला आणि त्याच्या शरीरातील विषाणूचे धागे लंडन आणि जेरुसलेम येथील सांडपाण्यात सापडलेल्या विषाणूशी जुळले. यांपैकी एकाही ठिकाणी आजारी माणूस विमानातून उतरताना कोणाच्या लक्षात आला नव्हता. म्हणूनच प्रवाशाचा डोस हा त्याच्या स्वतःच्या पायांसाठी जितका असतो, तितकाच तो जिथे उतरणार आहे तिथल्या, अजून डोस पूर्ण न झालेल्या तान्ह्या मुलांसाठी असतो. हे ऐकल्यावर सक्ती आहे की नाही, हा प्रश्न आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

१९८८ साली जागतिक आरोग्य सभेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला, तेव्हा सव्वाशेहून अधिक देशांत वर्षाला अंदाजे साडेतीन लाख लोकांना लुळेपणा येत असे. दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू संपल्याचे २०१५ मध्ये आणि तिसऱ्या प्रकारचा संपल्याचे २०१९ मध्ये प्रमाणित झाले. पहिला प्रकार आता पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोन देशांतच टिकून आहे. इतक्या मोठ्या कामाचा शेवटचा टप्पा निष्काळजी प्रवासामुळे लांबावा, ही गोष्ट मला मनापासून खटकते आणि केंद्रातील डॉक्टरांच्या बोलण्यातही तीच तळमळ दिसली.

आता लसीच्या निवडीविषयी. पोलिओचे दोन थेंब सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यामुळे मुलालाही थेंबच मिळतील असे आईने गृहीत धरले होते. तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीत पूर्वी तिन्ही प्रकारचे दुर्बळ केलेले विषाणू असत. एप्रिल २०१६ मध्ये जगभर एकाच वेळी त्यातून दुसरा प्रकार काढून टाकण्यात आला, त्यामुळे आजचे नेहमीचे थेंब पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारापासूनच संरक्षण देतात. टोचून दिल्या जाणाऱ्या लसीत मात्र तिन्ही प्रकारचे मृत विषाणू असतात. आम्ही जाणार होतो तिथे दुसऱ्या प्रकाराचाच प्रसार होता, म्हणून आम्हा तिघांनाही टोचून देण्याची लस सुचवण्यात आली. हा तर्क डॉक्टरांनी कागदावर तीन वर्तुळे काढून इतक्या सोप्या रीतीने सांगितला की मुलालाही तो कळला. मृत लस रक्तात चांगली प्रतिकारशक्ती निर्माण करते, पण आतड्यातील प्रतिकारशक्ती एकट्याने फारशी वाढवत नाही; ज्याला पूर्वी थेंब मिळाले आहेत, त्याच्या आतड्यातील जुनी प्रतिकारशक्ती मात्र ती पुन्हा चांगली जागवते. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा ज्यांच्या घरात तशी व्यक्ती आहे, त्यांना थेंब देत नाहीत, मृत लसच देतात, हेही त्यांनी विचारपूस करतानाच स्पष्ट केले.

आईची गोष्ट वेगळी होती. तिला लहानपणी पोलिओची कोणती लस मिळाली होती का, हे सांगणारा कागद नाही आणि आठवणही नाही. अनेक ठिकाणी अशा वेळी "एक बूस्टर घ्या, चालेल" असे म्हणून विषय संपवला जातो. येथे तसे झाले नाही. डॉक्टर आईला म्हणाले, "आई, कागद नाही म्हणजे लस झालीच नाही असं धरून आपण पहिल्यापासून सुरुवात करूया, त्यात तुमचं काहीच नुकसान नाही." ज्या प्रौढाचे पूर्वीचे डोस सिद्ध होत नाहीत, त्याला टोचून देण्याच्या लसीचे तीन डोस लागतात. पहिल्या दोन डोसांत एक ते दोन महिन्यांचे अंतर ठेवतात आणि तिसरा डोस दुसऱ्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी देतात. ज्याचे बालपणीचे डोस पूर्ण आहेत आणि जो जोखमीच्या देशात जात आहे, अशा प्रौढाला वैद्यकीयदृष्ट्या आयुष्यात एकच बूस्टर पुरतो. बारा महिन्यांचा नियम हा त्याहून वेगळा, सीमेवरच्या नोंदीसाठीचा आहे. या दोन गोष्टींची गल्लत फार होते आणि ती दूर करणारा डॉक्टर भेटणे हे भाग्यच म्हणायला हवे. आईचे पहिले दोन डोस निघण्यापूर्वी बसवता आले, कारण आम्ही वेळेत गेलो होतो.

डोस देण्याच्या खोलीतली शिस्त पाहण्यासारखी होती. सिस्टरांनी फ्रिजमधून कुपी काढली, त्याआधी दारावरचा तापमानाचा आकडा वहीत लिहिला आणि कुपी माझ्यासमोर धरून लसीचे नाव, मुदतीची तारीख आणि बॅच नंबर मोठ्याने वाचला. टोचून देण्याची पोलिओ लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि ती एकदा गोठली तर निकामी होते. कुपीवर उष्णता दाखवणारा एक छोटा निर्देशक होता, एका वर्तुळातला फिकट चौकोन. उष्णता लागत जाते तसा हा चौकोन गडद होतो आणि तो वर्तुळाच्या रंगाइतका किंवा त्याहून गडद दिसला, तर ती कुपी वापरत नाहीत. मुलाने तो चौकोन बघण्याचा हट्ट धरला, तेव्हा सिस्टरांनी न कंटाळता त्याला तो दाखवला आणि अर्थही सांगितला. स्ट्रेप्टोमायसिन, निओमायसिन किंवा पॉलिमिक्सिन बी या औषधांची तीव्र अ‍ॅलर्जी आहे का, हा प्रश्न सुई हातात घेण्यापूर्वी विचारला गेला, कारण या लसीत त्यांचा अंश असू शकतो. टोचल्यानंतर पंधरा मिनिटे थांबवून ठेवले आणि ती पंधरा मिनिटे खरोखर मोजली गेली.

यानंतर प्रमाणपत्र. लसीकरणाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची ती छोटी पिवळी पुस्तिका म्हणजे नुसता कागद असे समजून लोक ती पासपोर्टात कोंबतात, पण तिचा नमुना २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या सहाव्या परिशिष्टात ठरवून दिलेला आहे आणि तिच्यातला एक रकाना रिकामा राहिला तरी ती अवैध ठरवली जाऊ शकते. आमच्या पुस्तिका भरताना डॉक्टरांनी पासपोर्ट समोर ठेवून नावाचे एकेक अक्षर ताडून पाहिले. जन्मतारीख, लिंग, राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक लिहून झाल्यावर माझी सही त्यांच्यासमोरच घेतली. मग पोलिओच्या ओळीत रोगाचे नाव, तारीख, त्यांची हाताने केलेली सही आणि पद, लस बनवणाऱ्या कंपनीचे नाव आणि बॅच नंबर, प्रमाणपत्र कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य आहे ते, आणि शेवटी केंद्राचा शिक्का, असे सगळे रकाने त्यांनी क्रमाने भरले. महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहिला, जेणेकरून दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ नये. एका ओळीत त्यांच्याकडून अक्षर चुकले, तेव्हा खाडाखोड न करता त्यांनी ती पुस्तिका बाजूला ठेवली आणि नवी घेतली; खाडाखोडीमुळे प्रमाणपत्र बाद होऊ शकते, हे त्यांना ठाऊक होते. नियमानुसार प्रमाणपत्र प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र असते, त्यामुळे मुलाला त्याची स्वतःची पुस्तिका मिळाली. पुस्तिका इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये भरावी लागते. सोबत आणखी एखादी भाषा चालते, पण या दोहोंपैकी एक हवीच.

ही काळजी किती आवश्यक आहे, याचा अनुभव माझ्या एका सहकाऱ्याला आला होता. दुसऱ्या एका केंद्राने त्याच्या पुस्तिकेत शिक्का मारला, पण डॉक्टरांच्या सहीची जागा तशीच सोडली. शिक्का सहीची जागा घेऊ शकत नाही, असे नियमच सांगतो. हे सुदैवाने निघण्यापूर्वी लक्षात आले, पण त्या एका सहीसाठी त्याला पुन्हा केंद्रात जावे लागले आणि जाण्याच्या धांदलीत ते किती जड जाते, हे प्रवास करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

पिवळ्या तापाविषयी थोडक्यात लिहितो. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, कारण तिचे प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य होते, आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी वैध मानले जाते. जुन्या पुस्तिकेत दहा वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ती मुदत आता लागू नाही. ही जिवंत विषाणूची लस असल्याने साठीनंतर ती पहिल्यांदा घेताना विचार करावा लागतो. आईला अंड्याची अ‍ॅलर्जी, थायमस ग्रंथीचा विकार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांबद्दल सविस्तर विचारले गेले. सगळी उत्तरे नकारार्थी होती आणि राहण्याचे ठिकाण प्रत्यक्ष जोखमीचे होते, म्हणून लस देण्याचा निर्णय झाला. एखाद्याला वैद्यकीय कारणाने ती देता येत नसेल, तर डॉक्टरांचे सहीचे पत्र घेऊन जाता येते, पण ते पत्र त्या देशाने मान्य करावे असे बंधन नसते, हे येथे आधीच सांगितले गेले. टायफॉइड, कावीळ अ आणि रेबीज यांची चर्चा झाली. मुलगा कुत्र्यामांजरांमागे धावणारा असल्याने रेबीजची प्रवासपूर्व लस घेण्याचा आग्रह डॉक्टरांनी धरला आणि ती घेतलेली असली तरी चावा घेतल्यावर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन पुढचे डोस घ्यावेच लागतात, असे बजावले.

इथपर्यंत सगळे उत्तम होते. अन्न आणि पाणी यांविषयीचा सल्ला मात्र एका छापील पत्रकावर सोपवलेला होता आणि ते पत्रक मला अपुरे वाटले. हात स्वच्छ ठेवण्यासाठी सॅनिटायझर बाळगा, असे त्यात ठळक अक्षरात लिहिले होते. पोलिओ, कावीळ अ आणि नोरोव्हायरस या विषाणूंना स्निग्ध आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलचा त्यांच्यावर साबणाइतका परिणाम होत नाही. शौचानंतर, जेवणापूर्वी आणि मुलाला भरवण्यापूर्वी साबण आणि वाहते पाणी हाच खरा उपाय आहे, आणि पोलिओचा डोस देणाऱ्या केंद्राच्या पत्रकात नेमके हेच वाक्य नसावे, याचे वाईट वाटले. पाणी उकळून प्या, एवढेच लिहिले होते; किती वेळ, ते नव्हते. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे, एवढा तपशील एका ओळीत मावला असता. बर्फाचा उल्लेख होता, पण दात घासण्यासाठी वापरायच्या पाण्याचा नव्हता. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात मिसळावी, कमी पाण्यात दाट करून मुलाला देऊ नये, हे मी विचारल्यावर सिस्टरांनी सांगितले. त्यांना ते नीट माहीत होते, म्हणूनच ते पत्रकात का नाही, हा प्रश्न पडतो.

डासांबद्दलचा सल्ला त्या मानाने बरा होता. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि मलेरियाचा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, म्हणून अंगाला लावायचे औषध दिवसाही लावायचे आणि रात्री औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपायचे, हे स्पष्टपणे सांगितले गेले. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांच्या बाबतीत कोणती गोळी निवडावी यावर चांगली चर्चा झाली, पण गोळ्या परतल्यानंतरही चालू ठेवायच्या असतात, हे बोलण्याच्या ओघात राहूनच गेले. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याने ती जोखमीचा भाग सोडल्यानंतर चार आठवडे आणि अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेणाऱ्याने सात दिवस घ्यायची असते. बरेच लोक विमानतळावर उतरल्याच दिवशी पाकीट बाजूला ठेवतात आणि मग ताप आला की तो साधा ताप समजून घरीच बसतात.

परतीनंतरच्या मार्गदर्शनाचा हा अभाव मला सर्वांत मोठी उणीव वाटतो, कारण ज्या केंद्राने पहिल्याच मिनिटाला परतीची तारीख विचारली, त्याने त्या तारखेनंतरच्या दिवसांकडे मात्र लक्ष दिले नाही. मलेरियाच्या भागातून आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना प्रवासाबद्दल आपणहून सांगावे. पोलिओचा प्रसार असलेल्या भागातून परतलेल्या मुलाच्या हातात किंवा पायात अचानक ढिलेपणा जाणवला, तर वेळ न घालवता रुग्णालयात न्यावे. तिथे शौचाचे नमुने घेतले जातात आणि लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या चौदा दिवसांत घेतलेले नमुने सर्वांत उपयोगी ठरतात. घरात तान्हे बाळ असेल, तर त्याचे नेहमीचे डोस वेळेवर झाले आहेत ना, हे प्रवाशाने परतण्यापूर्वीच विचारून घ्यावे. यातले काहीच आम्हाला सांगण्यात आले नाही. आईच्या तिसऱ्या डोसची तारीख पुस्तिकेत पेन्सिलीने लिहून देण्यात आली, पण केंद्राकडून आठवण करून देण्याची कोणतीही व्यवस्था नाही, आणि इतक्या महिन्यांनंतरचा डोस वयस्कर माणसाच्या लक्षात राहील असे धरून चालणे योग्य नाही.

व्यवस्थेच्या बाबतीत सांगायचे तर वेळ ठरवूनच जावे लागते, दिलेली वेळ पाळली जाते आणि एका कुटुंबासाठी पुरेसा अवकाश राखलेला असतो. बसण्याची जागा लहान आहे; लस घेतल्यावर थांबलेले लोक आणि नव्याने आलेले लोक एकाच बाकावर दाटीने बसतात, हे सुधारायला हवे. पुस्तिका अजून कागदीच आहे. जागतिक आरोग्य सभेने २०२४ मध्ये संमत केलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतील दुरुस्त्यांत अशी प्रमाणपत्रे डिजिटल स्वरूपातही देण्यास वाव ठेवला आहे, पण तूर्त मूळ पुस्तिका पासपोर्टासोबत हातातल्या बॅगेत ठेवणे आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र फोनमध्ये जपून ठेवणे, हाच सुरक्षित मार्ग आहे. सामानात टाकलेली पुस्तिका तपासणीच्या खिडकीवर काही उपयोगाची नसते.

ज्यांना चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहायचे आहे, सोबत मुले किंवा वडीलधारी माणसे आहेत किंवा पूर्वीच्या लसींचे कागद हरवले आहेत, त्यांनी अशा केंद्रात निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. जाताना पासपोर्ट, असतील ती सर्व जुनी लसीकरण कार्डे, चालू औषधांची यादी आणि परतीच्या तिकिटाची प्रत न्यावी. परतीचा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही, तर आपणच तो काढावा. ज्यांच्याकडे चार आठवडेही उरलेले नाहीत, त्यांनी आता उशीर झाला असे समजून पोलिओचा डोस टाळू नये. तातडीच्या प्रवासासाठी निघण्याच्या वेळेपर्यंत घेतलेला डोसही त्याच शिफारशींत धरला जातो, आणि त्याची नोंद पुस्तिकेत त्याच दिवशी, सहीशिक्क्यासह, करून मिळते.